अण्णांच्या रक्तातला आकडा

कारखान्याची जीप शाळेच्या फाटकाशी थांबली तेव्हा मी अकरावीच्या वर्गावर होतो. ड्रायव्हर खाली उतरला, त्यानं टोपी काढून हातात घेतली आणि तसाच उभा राहिला. अण्णा गेले हे ओळखून मी पुस्तक मिटलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी रडू यायच्या आधी मला सुटल्यासारखं वाटलं. दीड वर्षाची मुंबईची ये-जा, रजेचे अर्ज, दवाखान्याच्या बाकावर बसून काढलेले दिवस... संपलं एकदाचं, असं मनात आलं. याची लाज अजून गेलेली नाही. सहा आठवडे झाले, म्हणून आता लिहून टाकतो.

अण्णा माझे थोरले चुलतभाऊ. कोल्हारच्या मळ्यात आम्ही एकत्र वाढलो. पुढं मी मास्तर झालो आणि ते साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट. ऊस पिकला की नाही हे ठरवायचं त्यांचं काम. रसाचे दोन थेंब काचेवर टाकून दुर्बिणीसारख्या नळीतून साखरेचा आकडा वाचायचे आणि त्यावर तोडीचा दिवस ठरायचा. बागायतदार गळ घालायला यायचे, की आमचा फड आधी तोडा. अण्णा त्यांना चहा पाजायचे आणि रिकाम्या हातानं परत धाडायचे. फडाच्या मधून, कडेनं, खालच्या अंगानं असे तीनदा ऊस आणून रस काढल्याशिवाय ते कागदावर सही करत नसत. बांधाकडच्या एका उसाला जास्त ऊन मिळतं, त्याचा आकडा फसवतो, असं त्यांचं म्हणणं. आम्ही त्यांना चिडवायचो, की लग्नाला मुलगीसुद्धा तीनदा बघितली असेल. वहिनी म्हणायच्या, चारदा.

अण्णांना शौचावाटे रक्त पडायला लागलं तेव्हा सगळ्यांनी मूळव्याध ठरवली आणि त्यांनी वर्षभर चूर्णं खाल्ली. मग मुंबई, आणि तिथं कॅन्सर निघाला. दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात मोठ्या दवाखान्यात त्यांचं गुदद्वारच काढून टाकलं आणि पोटाच्या डाव्या अंगाला शौचाची वाट करून दिली. शुद्धीवर आल्यावर दोन दिवस ते भिंतीकडं तोंड करून पडले होते. तिसऱ्या दिवशी एका तरुण डॉक्टरानं नव्या तपासणीबद्दल सांगितलं. या आजारात रक्तात एक पदार्थ वाढतो, गाठ काढली की तो उतरतो आणि पुन्हा चढायला लागला तर आजार कुठंतरी परतला असं समजायचं. हाताला काही लागायच्या आधी, कधी कधी काही महिने आधी. अण्णा उशीला टेकून बसले. नमुने किती घेता, चूक किती येते, असं विचारत सुटले. डॉक्टर म्हणाला, आम्हीही अजून शिकतोय, दुसऱ्या कारणानंही आकडा थोडा वर जातो. हे वाक्य अण्णांनी धरून ठेवलं.

दर तीन महिन्यांनी आम्ही रक्त द्यायला जात होतो. शाळेत टपाल रोज यायचं म्हणून पत्ता माझ्या शाळेचा दिला होता. पहिल्या दोन पत्रांत आकडा खाली होता. तिसऱ्यात तो चढला होता, आणि लगेच या, कदाचित पोट पुन्हा उघडून बघावं लागेल, असं लिहिलं होतं. संक्रांत नुकतीच झाली होती, गळीत ऐन भरात होतं. मी पत्र घेऊन प्रयोगशाळेत गेलो. अण्णांनी ते दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि उद्या ये म्हणाले. दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा शांतपणे म्हणाले,

"मास्तर, एका वाचनावर कुनी तोड देत न्हाई. हंगाम उरकू दे, मग परत रगात देऊ."

मी वाद घातला नाही. त्यांचं पटलं म्हणून नव्हे. मीच थकलो होतो. शाळेत हेडमास्तरांपुढं पुन्हा हात जोडायचे, पुन्हा त्या एसटीत बसायचं... बरं, हंगामानंतर जाऊ, असं म्हणून मी चहा प्यायलो आणि घरी आलो. हंगामानंतर गेलो तेव्हा आकडा कितीतरी वर गेला होता आणि यकृतात गाठी हाताला लागत होत्या. डॉक्टर कुणालाच दोष देत नव्हता. आधी आला असता तर काय झालं असतं, हे मलाही सांगता यायचं नाही, एवढंच तो बोलला. आषाढात अण्णा गेले.

तेव्हापासून मी मनातल्या मनात अण्णांच्या त्या तीन नमुन्यांच्या हट्टावर चिडत होतो, आणि त्याहून जास्त स्वतःवर. गेल्या रविवारी वहिनींकडं गेलो तेव्हा हे सगळं त्यांच्यापुढं बोललो. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबले.

"त्यांच्यावर कशाला रागवता, भाऊजी? ते तयार हुते. पत्र आलं त्या दिशी घरी येऊन मला इचारलं, की परत कापून घ्यायला जाऊ का. मीच न्हाई म्हनलं. म्हनलं, माज्यानं परत हुनार न्हाई. ती घान, ते धुनं, तो वास... लई थकले हुते वो मी. त्यांनी दुसऱ्या दिशी तुमाला मातुर तोडीचं सांगितलं."

मीही थकलो होतो, एवढंच कसंबसं म्हणालो. त्यांनी मान हलवली. मग उठून आतल्या खोलीतलं कपाट उघडलं. खालच्या फळीवर जुन्या धोतरांच्या फडक्यांच्या घड्या होत्या, पोटावर बांधायच्या, एकसारख्या फाडलेल्या, उकळून इस्तरी केलेल्या, पार वरपर्यंत रचलेल्या. अण्णा गेल्यावरही दोन आठवडे त्या धोतरं फाडून घड्या करत होत्या, हाताला वळणच पडलं होतं, असं त्यांनी सांगितलं. आता या कुणाला द्यायच्या, असं त्या विचारत होत्या. कुणी घेणार नाही हे दोघांनाही माहीत होतं.

मी त्या घड्या पिशवीत भरून घरी आणल्या. माझ्या कपाटात पुस्तकांखाली ठेवल्यात. बायकोनं काय आहे म्हणून विचारलं, तर अण्णांचे कपडे आहेत असं सांगितलं.