नंदी उठतो ते स्वप्न

अर्धशिशी मला लग्नाच्या आधीपासून आहे, पण तिची भीती बसली ती एका स्वप्नामुळे. पहाटे स्वप्नात माहेरच्या महादेवाच्या देवळातला दगडी नंदी कान झटकून उठायचा, माझ्याकडे न बघता दाराकडे चालू लागायचा, आणि दारातून असा पांढरा उजेड यायचा की डोळे दिपून मी जागी व्हायचे. त्या दिवशी दुपारपर्यंत डोकं उठायचंच. आधी डोळ्याच्या कडेला नागमोडी चमक, मग अर्धं कपाळ, मग उलट्या. सेलूच्या आमच्या घराच्या खिडक्या मग दिवसभर बंद.

नंदी जागा सोडून निघाला म्हणजे महादेवानेच पाठ फिरवली, असा अर्थ मी लावला. घरात सगळ्यांच्या गळ्यात इष्टलिंग, आणि देव रुसला तो नेमका माझ्यावर. मी पहिल्यापासून हट्टी. रुसवा काढायचा म्हणून सोमवार धरला, मग प्रदोष, मग दर महिन्याची शिवरात्र, तीही निर्जळी. परभणीच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून देताना बजावलं होतं की जेवण चुकवू नका. मी शहाण्यासारखी मान डोलावली आणि घरी येऊन प्रदोष केला. डोकेदुखी वाढत गेली, तसे मी उपास वाढवत गेले.

जिंतूरजवळच्या माझ्या माहेरी दरवर्षी शिवनाम सप्ताह बसतो. सात दिवस वीणा जमिनीला टेकवायची नाही. दोन-दोन तास उभ्याने शिवनाम गायचे पहारे असतात, आणि वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. वडील गेल्यावर त्यांचा सोमवारचा अकरा ते एकचा पहारा मी मागून घेतला होता. डोक्यापायी दोन वर्षं तो चुकला. गेल्या वर्षी भाऊ हळूच म्हणाला, "अक्का, झेपत नसंल तर दुसऱ्याला देऊ." ते मला फार लागलं. या वर्षी काही झालं तरी उभं राहायचं, असं मी ठरवलं.

आणि नेमक्या त्या सोमवारी पहाटे नंदी उठला. तरी मी निर्जळी उपास धरूनच वीणा गळ्यात घेतली. अर्ध्या तासात कडेला चमक सुरू झाली. मंडपातली माणसं अर्धी दिसेनाशी झाली, वीणा घट्ट धरून मी खांबाला टेकले. तेवढ्यात कपाळभर विभूती लावलेली एक म्हातारी पुढे आली. तिने वीणा माझ्या गळ्यातून अलगद आपल्या गळ्यात घेतली आणि विचारलं, "कवा जेवलीस, लेकी?"

"सोमवार हाय, उपास हाय."

"अन् परसादाला न्हाई म्हंतीस?"

प्रसादाला नाही कसं म्हणणार? तिने खुणेनं गव्हाच्या खिरीची वाटी मागवली. ती खाऊन मी पिशवीतली गोळी घेतली. मला रडू आलं, आणि तिच्या पायाशी बसून सगळं स्वप्न सांगून टाकलं. ती वीणा वाजवता वाजवता हसायला लागली.

"येडे, नंदी उठला म्हंजी मालक कुटंतरी निगाला की. तुझ्या सपनात उठला, तर तुझ्याकडंच येत आसंल. पाव्हणा यायलाय, त्यो आदी निरोप धाडायलाय, अन् तू उपाशी बसायलीस व्हय?"

मी आतल्या अंधाऱ्या खोलीत जाऊन झोपले. उठले तेव्हा ऊन उतरलं होतं आणि डोकं हलकं होतं. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच घडलं. म्हातारी एक वाजेपर्यंत पहारा करून दुपारच्या एसटीने गेली होती. ती कुणाची पाहुणी, हे कुणालाच सांगता आलं नाही. मीही फार खोदून विचारलं नाही. भावाकडून संध्याकाळचा पहारा मागून घेतला आणि पूर्ण दोन तास उभी राहिले. माझा आवाज काही गोड नाही, पण त्या दिवशी मनसोक्त गायले.

देवाची मनधरणी करण्याच्या नादात मी त्याचा निरोपच ऐकत नव्हते. हट्ट सोडून त्याने समोर ठेवलेला घास घ्यायला मला त्या माऊलीने शिकवलं. तिचे उपकार फिटणार नाहीत. अर्धशिशी अजून आहे, पण आता तिची भीती वाटत नाही. स्वप्न पडलं की उठून आधी तवा ठेवते, भाकरी खाते, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे गोळी जवळ ठेवते. बऱ्याचदा दुखणं उंबऱ्यावरूनच परत जातं.

परवा पहाटे मला भाकरी थापताना बघून आमचे हे म्हणाले, "नंदी उठला वाटतं?"

"उठला," मी म्हटलं. "तुमीबी बसा जेवायला. पाव्हणा यायलाय."