टॉस जिंकणारा कॅप्टन

रविवारी सकाळी मी भाईंदर पश्चिमेच्या बाजारातून बोंबील घेऊन परतत होतो, तेव्हा किसनचा फोन आला. किसन म्हणजे आमच्या खाडीकाठ स्पोर्ट्स क्लबचा डिफेंडर, काशीगावचा, फोनवर दोन वाक्यांच्या पुढे कधी न जाणारा. "सुधीरभाऊ, विलासदादा न्हाय राहिला," तो म्हणाला. "छातीत दुखायला लागलं, हॉस्पिटलला नेलं, पन..." मी रस्त्याच्या कडेला, एका मोबाइलच्या दुकानासमोर तसाच उभा राहिलो. आणि माझ्या तोंडून पहिलं जे बाहेर पडलं ते असं होतं : "मग आता टॉस कोण करणार?" किसनला यात काही विचित्र वाटलं नाही. तोही आमच्याच क्लबचा.

त्यानंतर दोन-तीन दिवस सगळ्या ग्रुपांवर विलासचे फोटो फिरत होते. हाडाचा खेळाडू, जन्मजात नेता, दूरदृष्टीचा कर्णधार... लिहिणाऱ्यांपैकी एकालाही मी आमच्या मॅचला कधी पाहिलं नव्हतं. मी वीसेक वर्षं त्याच्या संघाचा गोलकीपर होतो. गोलकीपरला कॅप्टन मागून दिसतो, आणि मागून माणूस फार स्वच्छ दिसतो. तेव्हा मी मनापासून सांगतो, विलासइतका वाईट कॅप्टन मी या सबंध पट्ट्यात पाहिला नाही. मीरा रोडला नाही, वसईला नाही, कुठेच नाही. माझ्या या जिवलग मित्राला नेतृत्वातलं ओ की ठो कळत नव्हतं.

आम्ही एकाच बिल्डिंगमधले. त्याचे वडील रत्नागिरीकडून आलेले, माझे गिरगावातली खोली विकून. बिल्डिंगमध्ये फुटबॉल एकट्या विलासकडे होता, म्हणून कॅप्टन तो झाला. पुढे तो बॉल फुटला, विलास मात्र कॅप्टन राहिला. क्लब रीतसर स्थापन झाला तेव्हा निवडणूक घ्यावी असं कुणीतरी सुचवलं. विलासने इतक्या दुखावलेल्या चेहऱ्याने त्याच्याकडे पाहिलं की तो बिचारा पुढच्या आठवड्यात बॅडमिंटन खेळायला लागला. दंडावर कॅप्टनची पांढरी पट्टी असायची. तिचं इलॅस्टिक ढिलं झालं तरी याने बदलली नाही, बायकोकडून सेफ्टी पिन लावून घ्यायचा. सुनंदावहिनी म्हणायच्या, मॅचहून आल्यावर निम्मा चहा संपेपर्यंत तो ती पट्टी काढत नसे. मग दाराजवळच्या खिळ्याला अडकवायचा. देवघरात ठेवत नव्हता हेच नशीब.

आता टॉसचं सांगतो, कारण आमच्या क्लबची सगळी दुर्दशा त्या एका नाण्यात होती. आमचं मैदान मिठागरांच्या कडेला. एक गोल खाडीच्या अंगाला, दुसरा गावाच्या अंगाला. दुपारनंतर खाडीवरून असा वारा सुटतो की गोलकिक मारली तर बॉल फिरून आपल्याच अंगावर यावा. संध्याकाळ होत आली की तोच वारा हळूहळू पडतो. म्हणजे वाऱ्याचा काय तो फायदा पहिल्या हाफमध्ये. टॉस जिंकावा, खाडीकडचा गोल घ्यावा, वारा पाठीशी घेऊन पहिल्या हाफमध्ये दोन गोल मारावेत आणि मग दम धरावा. हे तिथे चणे विकणाऱ्यालाही माहीत होतं. समोरच्या प्रत्येक संघाला तर होतंच.

विलास मात्र टॉस जिंकून दरवेळी गावाकडचा गोल घ्यायचा. दरवेळी! कारण काय, तर खाडीच्या बांधावर देवीचं ठाणं आहे. शेंदूर लावलेला दगड, वर पत्र्याचं छप्पर. तिथे नारळ फोडायचा आणि देवीकडे तोंड करूनच खेळाला सुरुवात करायची, हा त्याने पाडलेला रिवाज. एका वर्षी आम्ही तसे खेळलो आणि एक लहानशी ट्रॉफी जिंकलो, तेवढ्यावर. "देवीला पाठ दाखवायची नाय, सुध्या," तो म्हणायचा.

"आणि सेकंड हाफला? तेव्हा देवी जेवायला जाते का?"

"सुरुवात महत्त्वाची असते."

कप्पाळ! वर त्याचं नशीब असं की हा माणूस टॉस हरतच नसे. नाणं हवेत गेलं की आमची पोरं चक्क समोरच्या कॅप्टनसाठी प्रार्थना करायची. समोरचे कॅप्टन तर विलासने टॉस जिंकला की त्याच्याशी हसून हात मिळवायचे. त्याला वाटायचं, केवढा मान देतात. मग मी गावाकडच्या गोलात, डोळ्यांत तिरकं ऊन आणि तोंडावर खारा वारा घेऊन उभा राहायचो आणि हाफटाइमपर्यंत दोन-तीन गोल खायचो. हाफटाइमला विलास लिंबूसरबताचा ग्लास हातात धरून म्हणायचा, "गोलकीपिंगमध्ये मार खातोय आपण." एकदा अशाच एका वाऱ्याने वळलेल्या बॉलवर झेप घेताना माझं बोट मोडलं. हॉस्पिटलात तो मोसंबी घेऊन आला, तासभर बसला आणि मी झेप कशी चुकीच्या पायावर घेतली ते उशी वापरून समजावून सांगितलं. मोसंबी सोलली त्यानेच, खाल्लीही त्यानेच.

इम्रानचं प्रकरण मात्र मी कधी विसरणार नाही. इम्रान मीरा रोडचा, आमच्या क्लबला अपघातानेच मिळालेला खरा खेळाडू. त्याला विलास विंगवर ठेवायचा, कारण सेंटर फॉरवर्डची जागा स्वतः विलासची. पोट सुटलं, गुडघा कुरकुरायला लागला, तरी जागा त्याचीच. गेल्या मोसमात एका मॅचमध्ये बरोबरी चालू होती. इम्रानने तिघांना चकवलं, त्याला पाडलं, पेनल्टी मिळाली. पोरगा बॉल घेऊन उभा राहिला तर विलासने शांतपणे त्याच्या हातातून बॉल काढून घेतला. "पेनल्टी कॅप्टनची असते." पुढे जे झालं ते सांगायला नको. बॉल गोलाच्या वरून, बांधावरून, देवीच्याही डोक्यावरून मिठागराच्या पाण्यात. इम्रान मला एवढंच म्हणाला, "सुधीरभाई, टीम इनकी है तो इन्हींको खेलने दो." दुसऱ्या रविवारपासून तो यायचा बंद झाला. विलास त्याच्याबद्दल म्हणाला, "शिस्त नाय रे या पोरांना."

मग आम्ही का जात होतो? मी अनेकदा स्वतःला विचारलंय. मॅच दुपारची, तरी रविवारी उजाडलं की विलास खाली उभा राहून हाका मारायचा, फोन नाही, हाका... सगळ्या सोसायटीला कळायचं की सुधीर अजून अंथरुणात आहे. मी शिव्या देत उतरायचो. असाच तो प्रत्येकाच्या दारात जायचा आणि अकरा माणसं गोळा करायचा. गोळा करून त्यांचं काय करायचं, ते मात्र त्याला शेवटपर्यंत समजलं नाही.

तो गेला तेव्हा आम्ही लीगच्या तळाशी होतो. एकच मॅच उरली होती. ती जिंकली तर टिकणार, नाहीतर लीगबाहेर, आणि लीगबाहेर गेलं की मैदानाची रविवारची वेळही जाणार. त्या वेळेवर क्रिकेटवाले केव्हापासून डोळा ठेवून होते. म्हणजे क्लब संपलाच म्हणा. शोकसभेत दोन नगरसेवक बोलले, एकाने त्याला क्रिकेटपटू केलं. सभा सुटल्यावर वहिनींनी ती पट्टी माझ्या हातात ठेवली. "तुम्हीच घाला आता," म्हणाल्या. मी घरी आणून बाजूला ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी मीरा रोडला गेलो आणि इम्रानसमोर हात जोडले. तो म्हणाला, "पेनल्टी कौन लेगा?" मी म्हटलं, "तू. सब तू." तो आला.

मॅचच्या दिवशी नारळ फोडला, तो मी बंद केला नाही. नाणं उडालं. मी टॉस जिंकलो. वीस वर्षं मी मनात जे घोकत होतो ते अखेर मोठ्याने म्हणालो : "खाडीकडचा गोल." समोरच्या कॅप्टनचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मोठ्या रुबाबात मी वळलो, आणि पाहतो तर आमचा सगळा संघ गावाकडच्या गोलाकडे निम्म्या मैदानापर्यंत जाऊन पोचलेला! कुणी विचारायलाही थांबलं नव्हतं. दहा जण, माना खाली, निमूट चालत होते. असं वळण लावून गेला होता तो. मी बोंबललो तेव्हा कुठे मागे फिरले. किसन जवळ येऊन हळूच म्हणाला, "भाऊ, देवी रागवंल." मी म्हटलं, "तिची समजूत विलास काढेल. आता तिच्याजवळच गेलाय."

वारा पाठीशी असला की फुटबॉल किती सोपा असतो हे आम्हाला त्या दिवशी कळलं. इम्रानने हाफटाइमच्या आत दोन गोल मारले. दुसऱ्या हाफमध्ये वारा पडला, हे तर ठरलेलंच. मावळतीचं ऊन मात्र थेट माझ्या डोळ्यांत आलं आणि एक उंच बॉल मला दिसलाच नाही. तेवढाच एक गोल बसला. दोन-एक. क्लब राहिला. पोरं नाचत होती, किसन रडत होता आणि मी इकडेतिकडे बघत होतो. काय शोधतोय ते मला जरा उशिराने समजलं. मला विलासची कॉलर धरून म्हणायचं होतं, बघ गाढवा, बघ! माझी वीस वर्षं भरपाई मागत होती. आणि हा माणूस, जो प्रत्येक पराभवाला हजर होता, नेमका त्या दिवशी नव्हता. यासाठीही मी त्याला माफ केलेलं नाही.

संध्याकाळी पट्टी परत द्यायला त्याच्या घरी गेलो. वहिनींनी ती घेतली, सेफ्टी पिन नीट लावली आणि दाराजवळच्या त्याच खिळ्याला अडकवली. चहा ठेवला. मी त्यांना सगळं सांगितलं, टॉस, वारा, इम्रानचे गोल. जिंकलो हे ऐकून त्यांचे डोळे भरले. पदराने ते पुसून त्यांनी विचारलं, "मग तो एक गोल कसा बसला?"

अगदी त्याच्याच सुरात. माझं डोकं सणकलं. मी कप खाली ठेवला आणि सांगायला लागलो की ऊन समोर होतं, बॉल उंच होता, किसन मध्ये आला, झेप बरोबर पायावरच घेतली होती, आणि टॉस हरलो असतो तर तीन खाल्ले असते, कळलं का? माझा आवाज चढला होता. वहिनी केव्हाच स्वयंपाकघरात गेल्या होत्या. मी खिळ्याकडे बघून भांडत होतो.