मिराने नावाचा खेळाडू

“तोंड बघू नकोस, पाय बघ.”

गिग्माई हे दिवसातून दहा वेळा म्हणायचा. चेंडू छातीशी धरून अंगावर येणारा माणूस तोंडाने डावीकडे जातो आणि पायांनी उजवीकडे, म्हणून त्याला पाडायचं तर त्याचे पाय बघायचे, एवढाच त्याचा अर्थ. पण मैदानावरचं हे बोलणं त्याने बाजारात आणि चर्चच्या पायरीवरही आणून ठेवलं होतं. डुक्कर घेताना तो डुकराचे पाय बघायचा. लग्नाची बोलणी करायला आलेल्या पाहुण्यांचेसुद्धा.

आमचा डोंगर कुंडियावा या जिल्ह्याच्या गावाच्या वर आहे. सपाट जागा म्हणाल तर दोनच, एक मिशनची शाळा आणि दुसरं गिग्माईचं मैदान. मैदान त्याने स्वतः केलं. तीन वर्षं तो उतार खणत होता, माती खाली लोटत होता, आणि तरीही दक्षिणेची बाजू उतरतीच राहिली. त्या बाजूला चेंडू सुटला की दोन्ही संघ रताळ्याच्या वाफ्यांतून ओढ्यापर्यंत पळायचे आणि वर येताना एकमेकांना हात द्यायचे. गिग्माई शाळेत कधी बसला नव्हता. किनाऱ्यावरच्या नारळाच्या मळ्यात मजूर असताना त्याने रग्बी लीग पाहिली, आणि गावी परतताना दोन जुन्या जर्सी आणि हा खेळ घेऊन आला. पुढे त्याच्या हाताखालून गेलेल्या माणसांनी जिल्ह्याचा संघ भरला. जिल्ह्याने त्यालाच प्रशिक्षक केलं.

त्याच्या हातून घडलेला सगळ्यांत मोठा खेळाडू कुआंगे. सात नंबरची जर्सी घालायचा. बुटका, मांड्या उखळासारख्या, आणि अंगावर येणाऱ्या कोणाहीकडे मान वर करून बघायचा नाही. कुआंगे हा गिग्माईच्या बायकोचा, अगाथाचा, भाऊ.

आमच्यात बायकोच्या भावाचं नाव तोंडाने घेत नाहीत. लग्नात डुकरं हवाली करताना ते नाव आपण त्यांच्या घरी ठेवून येतो, आणि हाक मारायला दुसरं नाव घेऊन येतो. अगाथाच्या माहेरामागे मिराने नावाची टेकडी आहे. गिग्माईने तेच नाव घेतलं. अकरा वर्षं तो मेहुण्याला मिराने म्हणत होता. मैदानावर मिराने, जेवायला बसताना मिराने, हरलेल्या सामन्यानंतर शिव्या देतानाही मिराने. इतकं, की मैदानावरची निम्मी माणसंही त्याला तेच म्हणू लागली.

त्या वर्षी कुमुल, म्हणजे आमचा राष्ट्रीय संघ, आठ आठवड्यांसाठी इंग्लंड आणि फ्रान्सला जाणार होता. राजधानीतून, मोरेस्बीहून, निरोप आला की प्रत्येक जिल्ह्याच्या प्रशिक्षकाने फोनवरून एक नाव कळवावं. गिग्माई पहाटे उतरला, मालवाहू गाडीच्या टपावर बसून कुंडियावाच्या पोस्टात गेला आणि रांगेत दुपारपर्यंत उभा राहिला. फोन लागला. खरखर इतकी होती की पलीकडचा माणूस समुद्राच्या तळातून बोलतोय असं वाटावं. त्याने विचारलं, “कोण?”

गिग्माई अभिमानाने म्हणाला, “मिराने.”

अकरा वर्षांची सवय लागलेली जीभ. ती दुसरं काय म्हणणार?

दहा दिवसांनी रेडिओवर यादी वाचली गेली. सिम्बू जिल्ह्यातून, मिराने. सगळा डोंगर नाचला. अगाथाने दोन कोंबड्या मारल्या. स्वतः कुआंगे हसत होता, कारण मिराने म्हणजे आपणच हे त्याला ठाऊक होतं, आम्हा सर्वांना ठाऊक होतं. जगात एका माणसाला तेवढं ठाऊक नव्हतं, आणि पासपोर्टचे कागद नेमके त्याच्याच टेबलावर होते.

तो वागी. किनाऱ्यावरचा माणूस, जिल्हा कचेरीत नव्याने आलेला. स्वच्छ सदरा, दात सुपारीने लाल, वागणं सरळ. त्याने कुआंगेचा मिशनचा दाखला पाहिला आणि म्हणाला, की निवड मिरानेची झाली आहे, तेव्हा मिरानेला घेऊन या.

गिग्माईने समजावलं, की हाच तो. वागी म्हणाला, की मीच मिराने असं सांगणारे याआधी दोघं येऊन गेले. एकाची दाढी पांढरी होती, दुसऱ्याला चेंडू कुठल्या हाताने द्यायचा हेही सांगता आलं नाही. आता ज्याने फोनवर नाव दिलं त्यानेच शपथेवर सांगावं, की मी ज्याला मिराने म्हणालो त्याचं खरं नाव अमुक. कागद मी वाचेन, त्याने माझ्यामागून मोठ्याने म्हणायचं, मग अंगठा. शेवटची तारीख पुढचा शुक्रवार.

“मग सांगा, याचं खरं नाव काय?”

गिग्माईने तोंड उघडलं आणि मिटलं. मागून आम्ही पाचसहा जण एकदम म्हणालो, कुआंगे. वागी खिडकीतून वाकून म्हणाला, की तुम्हाला कोणी विचारलं?

दुसऱ्या खेपेला गिग्माईने मिशनच्या पाद्रीबाबांना नेलं. त्यांनी बाप्तिस्म्याची वही उघडून नाव वाचून दाखवलं. वागीने आदराने त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, आणि विचारलं की फोन तुम्ही केला होता का. तिसऱ्या खेपेला कचेरीला कुलूप होतं. वागी कामासाठी गोरोकाला गेला होता. गिग्माई दिवसभर पायरीवर बसला. घरून आणलेलं भाजलेलं रताळं हातातच राहिलं. परत येताना तो वाटेतल्या खांबांशी, कुत्र्यांशी, स्वतःच्या गुडघ्यांशी भांडत आला. त्याचं म्हणणं होतं, की मी डोंगर खणून सपाट केला, आणि एवढीशी खिडकी मला खणता येत नाही.

त्या आठवड्यात घरोघर हाच विषय. अगाथाच्या चुलत्याने बजावलं, की दौरा आठ आठवड्यांचा, नाव जन्माचं. मेहुण्याचं नाव घेतलं तर लग्नात दिलेली डुकरं वाया गेली असं आम्ही धरतो. मग मोठं डुक्कर मारून, दोघांनी ते एकत्र खाईपर्यंत, त्या दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही, एका आगीशी बसायचं नाही. आणि गिग्माईकडे तेवढं मोठं डुक्कर नव्हतं. एक पिल्लू होतं, वर्षभर वाढवावं लागणारं.

गुरुवारी संध्याकाळी कुआंगे आला. शेकोटीशी बसून म्हणाला, “दाजी, नका घेऊ. मी पुढच्या दौऱ्याला जाईन.”

“पुढच्या दौऱ्याला तू पस्तिशी ओलांडलेला असशील,” गिग्माई म्हणाला. “सात नंबर काय तुझी वाट बघत बसणार आहे?”

“मग नाही गेलो. इथलं मैदान आहे ना.”

“हे मैदान! त्याला एक बाजू नाही.”

अगाथा रताळी सोलत होती. ती मान वर न करता म्हणाली, “वर्षभर दोघांची तोंडं मला एकटीलाच बघावी लागणार. मग माझ्याशी तरी नीट बोला.”

शुक्रवारी आम्ही सगळे उतरलो. कचेरीच्या ओसरीवर उभं राहायला जागा नव्हती. एका बाजूला अगाथाच्या माहेरची माणसं, चुलता काठी टेकून पुढे. दुसऱ्या बाजूला आम्ही. मधे कुआंगे, धुतलेल्या जर्सीत. वागी कागद वाचू लागला. मी गिग्माई, जिल्हा प्रशिक्षक. गिग्माईने म्हटलं. फोनवर ज्याला मी मिराने म्हणालो. तेही म्हटलं. त्याचं खरं नाव. तेही म्हटलं, आणि थांबला.

वागीने पेन टेबलावर आपटत वाट पाहिली. घड्याळाकडे बोट दाखवून म्हणाला, की चारला टपालाची पिशवी मोरेस्बीला जाते.

गिग्माईने कुआंगेकडे पाहिलं नाही. तो त्याच्या पायांकडे बघत राहिला, बुटांत न मावणाऱ्या त्या रुंद पायांकडे. मग तोंड खिडकीकडे करून, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जावं अशा आवाजात म्हणाला, “कुआंगे.”

चुलत्याने काठी उचलली, पाठ फिरवली आणि पायऱ्या उतरला. त्यामागे त्याची माणसं. कुआंगेनेही तोंड भिंतीकडे केलं, करणं भाग होतं. अगाथा दोन घोळक्यांच्या मधोमध उभी राहिली, कुठेच गेली नाही.

वागीने अंगठा घेतला, शिक्का मारला, कागदावर फुंकर घातली. मग मनापासून नवल वाटून म्हणाला, “एवढंच होतं, तर चार खेपा कशाला घातल्या?”

गिग्माईने त्याच्याकडे इतका वेळ पाहिलं, की वागीने खिडकी ओढून घेतली.

सोमवारी विमान होतं. कुंडियावाची धावपट्टी डोंगराच्या धारेवर आहे, दोन्ही बाजूंना दरी. अगाथाच्या माहेरची माणसं कुआंगेभोवती होती, गळ्यात फुलं, कपाळावर रंग. गिग्माई तारेच्या कुंपणाबाहेर उभा होता, कारण आत गेलं तर एका आगीशी बसल्याइतकंच जवळ जावं लागलं असतं. अकरा वर्षांत प्रत्येक सामन्याआधी त्याने मेहुण्याच्या खांद्यावर हात ठेवून पायांचं तेच एक वाक्य म्हटलं होतं. हा तर सगळ्यांत मोठा सामना, आणि ते म्हणायची सोय नव्हती. दुसऱ्याकडून सांगून पाठवायचीही नव्हती. त्याने तार दोन्ही हातांनी धरली. ओठ हलले. मग तार सोडली, तिला एक शिवी दिली आणि रस्त्याला लागला. अनवाणी, उतारावर गुडघे सांभाळत, तळव्यांना लाल माती. घरी पिल्लाला खायला घालायचं होतं.

अगाथा कुंपणाशी होती, पण ती भावाला बघत होती. मीही त्यालाच बघत होतो, म्हणून मला दिसलं. कुआंगे विमानाच्या शिडीवर थांबला होता. वैमानिक आतून ओरडत होता, मागचे लोक ढकलत होते, आणि तो कुंपणापलीकडे, उतरत जाणाऱ्या माणसाकडे बघत होता. नजर खाली होती. गिग्माई वळणाआड जाईपर्यंत तो त्याचे पाय बघत राहिला.