अर्णवला मामा नाही

बंगळुरूच्या बसला मला बसवून द्यायला आई-बाबा आले होते. येताना रिक्षात आम्ही तिघं, मांडीवर बॅगा. परतताना ते दोघंच. खिडकीशी येऊन आई एवढंच म्हणाली, "आता भाजी उरंल बघ घरात." तेव्हा मला हसू आलं. आता राग येतो, कारण त्यापलीकडे तक्रार करायचीही तिला चोरी होती.

एका मुलीवर थांबली म्हणून आईनं जन्मभर ऐकून घेतलं. माझ्या वेळी तिचं सिझेरियन झालं, तर बिडकीनची आत्या तिसऱ्याच दिवशी "आमची कापूस वेचणी हाय" म्हणून निघून गेली. बाळाला घ्यायला कुणी नाही, सल्ले द्यायला सगळी भावकी. आता माझी पाळी. इथं बंगळुरूत डेकेअर सहाला बंद, ऑफिस साडेसहाला सुटतं, आणि तिकडच्या तुम्हा सगळ्यांचं फोनवर एकच, "दुसरं कधी?" अहो, पहिल्याला ताप होता तेव्हा कुठं होतात?

माझ्या अर्णवचं जावळ आई-बाबांच्या पुंडलिकनगरच्या घरी करायचं ठरलं. केस काढताना बाळाला मामाच्या मांडीवर बसवतात. मला भाऊ नाही, म्हणून आत्याच्या दोन्ही मुलांना विचारलं होतं. एकाला रजा मिळाली नाही, दुसऱ्यानं फोनच उचलला नाही. तरी न्हावी आल्यावर आत्याच सगळ्यांसमोर म्हणाली, "येक पोरगा झाला असता तर ही वेळ आली असती का?"

बाबा पंख्याकडे बघत राहिले. माझं डोकं सणकलं. मी काही बोलणार, तोच आईनं हातातलं ताट खाली ठेवलं, पदर खोचला आणि पाटावर जाऊन बसली.

"आण त्याला इकडं."

"आजीच्या मांडीवर जावळ? असं कुठं असतंय व्हय?" आत्या म्हणाली.

"मामा नाय, पण मांडी हाय. बघवत नसंल तर आत जाऊन बसा, वन्सं."

मला दुसरं होणार नाही. अर्णव कधी कुणाचा सख्खा मामा होणार नाही, हे मला कळतं आणि लागतंही. पण त्याचा जाब आम्हा मायलेकींना विचारू नका. नाती आटली म्हणून गळा काढता, आणि आहेत त्यांचा फोन उचलत नाही!

तिकडं राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांनो, घर म्हटलं की मला आता तो पाट दिसतो. पोरगं किंचाळतंय, लुगड्यावर केस पडतायत, आणि आई जागची हलत नाही.