डॉक्टर किती दिवस म्हणतात?

आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये एकदा मधल्या सुट्टीत मरणाचा विषय निघाला. कुणाच्या तरी मोबाइलवर मरणाची तारीख सांगणारं काहीतरी आलं होतं. जन्मतारीख टाकायची, की ते सांगणार. आम्ही आठ-दहा जणी डबे उघडून बसलो होतो. स्वतःची तारीख टाकायला एकही तयार होईना. "नको गं बाई, कशाला ते!" म्हणत सगळ्यांनी हात झटकले. मग एकीने हसत हसत आपल्या सासूची जन्मतारीख टाकली आणि आम्ही सगळ्या डबे सोडून तिच्या मोबाइलवर वाकलो. तेव्हा गंमत वाटली होती. आता ते आठवलं की स्वतःचीच शिसारी येते.

माझे वडील सावद्याजवळ केळी पिकवायचे. गाव त्यांना आबा म्हणायचं, आम्ही मुलंही आबाच म्हणायचो. घड कधी कापायचा हे ते अंगठ्याने ओळखायचे. एका केळाच्या कडेवरून अंगठा फिरवायचे आणि सांगायचे, "अकरा दिवस." अकराव्या दिवशी कापलेला माल दिल्लीपर्यंत हिरवागार जायचा. दुसऱ्यांच्या बागेतूनही त्यांना बोलावणं यायचं. समोरच्याला वाईट वाटेल म्हणून त्यांनी कधी दिवस वाढवून सांगितले नाहीत. "आजच काप, नहीतर फेकशीन," असं तोंडावर सांगून ते पुढच्या घडाकडे वळायचे.

अशा माणसाला आम्ही तीन महिने फसवलं.

महाशिवरात्रीच्या सुमारास जळगावला त्यांच्या तपासण्या झाल्या. पोटात गाठ होती आणि ती पसरली होती. डॉक्टरांनी माझ्या मोठ्या भावाला आणि मला आत बोलावून तीन महिने सांगितले, फार तर चार. आबा बाहेर बाकावर बसले होते, चपला काढून, पाय वर घेऊन. गाडीपर्यंत येईस्तोवर भावाने ठरवूनही टाकलं. "आबांना अल्सर सांगायचा. खरं कळलं तर खचतील." मी मान हलवली. माझी नोकरी आणि संसार धुळ्याला, आबांचं सगळं करणार भाऊ, तेव्हा त्याचं ऐकावं, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं कारण इतकंच होतं, की सांगताना मला आबांचा चेहरा बघायचा नव्हता.

आठ दिवसांत अर्ध्या तालुक्याला त्या गाठीची खबर होती. भावानेच एकेकाला सांगितली, "आबांसमोर बोलू नका हं," अशी पुस्ती जोडून. मग माणसांची रीघ लागली. आबांसमोर खुर्ची ओढून बसायचं, "वा आबा, तब्येत तर झकास आहे" म्हणायचं, बशीतला चहा फुरकायचा, आणि जाताना अंगणातल्या निंबाखाली मला गाठायचं. "डॉक्टर किती दिवस म्हणतात?" आवाज खाली, डोळे मोठे. मी सांगेपर्यंत हलायचे नाहीत. एका चुलतकाकांनी तर बोटांवर हिशेब केला. त्यांच्या मुलीचं लग्न धरायचं होतं, आणि सुतक आडवं येतंय का ते त्यांना बघायचं होतं. "म्हणजे पंधरा मेच्या आत उरकलेलं बरं," असं म्हणून त्यांनी मिशीला लागलेला चहा पुसला. त्यांच्या अंगावर ओकावं असं मला वाटलं. मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले.

येताना जो तो सफरचंदं आणायचा. आबांना घोटभर ताक जड जात होतं, सफरचंदं कोण खाणार? ती कोपऱ्यात साठायची. त्यात तो उन्हाळा. मी शनिवारी धुळ्याहून आले की आधी तो ढीग उपसायची. खालच्या फळांत बोटं रुतायची, पाणी मनगटापर्यंत ओघळायचं, चिलटं तोंडावर यायची. आबा खाटेवरून बघत राहायचे. एकदा म्हणाले, "माल इतका सडोस्तोवर ठेवता काबर? कापायच्या टायमाले कापावं, वाटायच्या टायमाले वाटावं." मी हसले. तीन महिने मी त्यांच्या प्रत्येक बोलण्यावर हसतच होते.

एका रविवारी भावाने मोबाइल काढला. "आबा, शेतकऱ्याचं नवीन कार्ड निघालंय, फोटो लागतो." असं काही कार्ड नव्हतं. पुढे चौकात लावायच्या फ्लेक्ससाठी फोटो हवा होता. घरातल्या जुन्या फोटोंत आबा एकतर पाठमोरे किंवा घडांच्या ढिगामागे. आबांनी हौसेने दाढी केली, इस्त्रीची टोपी घातली. मागे पांढरी चादर धरायची होती, ती मी धरली. "दात दिसले तं चालते का कार्डाले?" त्यांनी विचारलं. "चालते आबा, हसा," भाऊ म्हणाला, आणि ते हसले. चादरीआड असल्यामुळे माझं तोंड कुणाला दिसत नव्हतं, तेवढंच बरं. त्यानंतर दर शनिवारी ते मला विचारायचे, "कार्ड आलं का वं?"

आता आत्याचं सांगते, कारण सगळं तिच्यापाशी येतं. आबांची एकुलती एक बहीण, त्यांच्याहून मोठी, पिंपळनेरला दिलेली. आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी-बहिणी माहेरी येतात, पण आपल्या पायाने येत नाहीत. माहेरचा माणूस आणायला जातो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. मुऱ्हाळी दारात आला की सासरी तिची मान वर होते. लग्नकार्यालाही तेच. माझ्या लग्नात आत्याकडे मुऱ्हाळी गेला नाही. आई आधीच वारली होती, आणि असलं लक्षात ठेवणारं घरात दुसरं कुणी नव्हतं. भावाने पोस्टाने पत्रिका पाठवली आणि वर फोन केला, "आत्या, बस पकडून ये." ती आली नाही. भाऊ स्वतः घ्यायला येईल तेव्हाच माहेर, असं तिने कळवलं. आबांनाही राग आला. मग दर आखाजीला बाग आडवी येत गेली. पुढच्या वर्षी जाऊ, पुढच्या वर्षी जाऊ, करता करता माझा मुलगा नववीत गेला.

यंदा आखाजीच्या आठ दिवस आधी मी गेले तर खुंटीवर एक पिशवी लटकलेली. आत धोतरजोडी आणि एक नवी साडी, हिरव्या काठाची. खाटेखाली केळीची एक कच्ची फणी गोणपाटात गुंडाळून ठेवलेली, आखाजीला बरोबर पिकेल अशी. भाऊ बागेत होता. आबांनी मला जवळ बसवलं.

"पोरी, लोकं माह्याकडे येतात अन् व्यापारी बाग पाह्यतो तसे पाह्यतात," ते म्हणाले. "तोंडावर वा वा करतात अन् मंग निंबाखाली जाऊन कुजबुजतात. व्यापारी बांधावर जाऊन कुजबुजला म्हणजे त्याचा भाव ठरेल राह्यतो, हे मले कळते. तुह्या भावाले इचारलं तं तो दुसरंच बोलते. तू मास्तरीन आहेस, तू मले खोटं सांगनार नही. किती दिवस?"

मी खाटेखालच्या गोणपाटाचं टोक आत सारलं.

"थोडे असतीन तं सांग. मी या आखाजीले अक्काकडे मुऱ्हाळी जातो. गाडीत निजून जाईन, तुह्याकडे धुळ्याले मुक्काम करीन. अन् दिवस असतीन तं मंग घाई नही, बाग कापनीले आली आहे."

इतकं सोपं करून त्यांनी माझ्यासमोर ठेवलं होतं. त्यांना रडायचं नव्हतं की धीर हवा नव्हता. घडाचे दिवस विचारावेत तसे त्यांनी स्वतःचे दिवस विचारले होते, आणि त्या दिवसांचं काय करायचं तेही त्यांचं ठरलं होतं. शाळेच्या परीक्षा संपल्या होत्या, मी त्यांच्यासोबत सहज जाऊ शकले असते. आणि मी काय म्हणाले? "काहीतरीच काय आबा! साधा अल्सर आहे. पुढच्या आखाजीला आपण सगळे मिळून आत्याला आणायला जाऊ."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग त्यांचा चेहरा सैल झाला. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, हे मला समोर दिसलं. "मंग ठीक आहे," ते म्हणाले आणि मजूर सांगायला भावाला फोन लावला. पिशवी खुंटीवरच राहिली. फणी आखाजीच्या दिवशी बरोबर पिकली. भाऊ आणि मी ती खाल्ली, गोड लागली, आणि साली मी उकिरड्यावर टाकून आले.

आखाजीनंतर तीन आठवड्यांनी आबा गेले. मे महिन्याचं ऊन, वाट बघणं शक्य नव्हतं. आत्या पिंपळनेरहून पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. बसने आली, एकटी, कुणी आणायला न जाता. चौकात फ्लेक्स लागला होता. कार्डासाठी हसलेले आबा त्यावर हसत होते.

दुसऱ्या दिवशी मांडवात माणसं बसली होती. आणि भावाने नवीनच सुरू केलं. "आबांना सगळं माहीत होतं. घडाचे दिवस सांगायचे तसा त्यांनी स्वतःचा दिवस आधीच सांगून ठेवला होता. अगदी शांतपणे गेले." लोकांनी माना डोलावल्या. "पुण्यवान माणूस!" ज्यांनी तीन महिने निंबाखाली मला दिवस विचारले होते, तेच हे म्हणत होते. चुलतकाकांनी तर डोळे पुसले. त्यांच्या मुलीचं लग्न वेळेत उरकलं होतं. जिवंतपणी त्या माणसापासून जे लपवलं, तेच मेल्यावर त्याच्या गळ्यात हारासारखं घालत होते.

आत्या कोपऱ्यात बसून ऐकत होती. ती उठून आत गेली तशी मी मागोमाग गेले.

"त्याले माहीत व्हतं," ती म्हणाली. पन्नास वर्षांत तिची बोली पार पिंपळनेरची झाली होती. "माहीत व्हतं, तरी मन्हाकडे मुऱ्हाळी उना नई."

गप्प बसले असते तर भावाची गोष्ट गावभर टिकली असती आणि माझीही अब्रू राहिली असती. मी खुंटीवरची पिशवी काढून तिच्यापुढे ठेवली. "आत्या, त्यांना माहीत नव्हतं. ते निघाले होते. त्यांनी मला विचारलं आणि मी खोटं सांगितलं."

तिने साडीच्या काठावरून एकदा हात फिरवला.

"तुले कवय माहीत पडनं?"

"महाशिवरात्रीला."

महाशिवरात्र ते आखाजी, तिने बोटांवर मोजलं. मोजताना तिचे ओठ हलत होते. मग तिने पिशवी माझ्या हातात परत दिली.

"तुम्हले, गावले, बठ्ठासले माहीत व्हतं," ती म्हणाली. "आम्हले दोन्ही भाऊ-बहीनलेच नई व्हतं."