साहेबाचा डेको

माझ्या इंग्रजीचा विषय निघाला की आमची ही अजून तोंडाला पदर लावते. तिचं काही चुकत नाही. काय झालं ते आता माझ्याच तोंडून ऐका.

लढाईचे दिवस. मी कुरुंद्याला शाळामास्तर. हैदराबादला जाऊन मॅट्रिक झालेलो, त्यामुळं पंचक्रोशीत इंग्रजी येणारा मी एकटाच. पलटणीसाठी मेंढरं घ्यायला एक गोरा साहेब जवळा बाजार गावाला आला, तेव्हा दुभाषी म्हणून मलाच बोलावणं आलं.

भिवा धनगर आणि त्याची बायको सखूबाई कळप घेऊन उभे होते. साहेबानं कळपाकडं बोट केलं आणि म्हणाला, "लेट मी हॅव अ डेको."

"लेट मी हॅव" म्हणजे माझ्याकडं द्या, एवढं येत होतं हो. पण डेको? खिशातली डिक्शनरी चाळली. नाही. त्यातल्या त्यात जवळचा सापडला 'डकॉइट'. म्हणजे दरोडेखोर. म्हटलं, साहेब शब्द अर्धा खातोय, दुसरं काय?

"भिवा, साहेब म्हणतात, दरोडेखोर माझ्या हवाली करा."

भिवा पांढराफटक पडला. "काहून? मेंढरं घरची हायेत. मी चोर दिसून राहिलो का?"

साहेब वैतागून म्हणाला, "जस्ट अ डेको!"

"बघ, फक्त एकच मागतायत," मी भिवाला समजावलं.

भिवानं काठी उचलली आणि कळप सरळ माघारी वळवला. आजूबाजूचे चार लोकही हळूच सटकले. साहेब डोळ्यांकडं बोट दाखवत "डेको, डेको" करतोय, आणि मी भिवाच्या मागं पळतोय.

तेवढ्यात सखूबाई म्हणाली, "मास्तर, त्यो 'देखो' म्हणून राहिला. मेंढरं बघायची हायेत त्याला."

माझं डोकंच फिरलं. "बाई, हे इंग्रजी आहे. तुम्हाला काय कळतं त्यातलं?"

तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "साहेब, देखो?"

"यस, यस, डेको!"

मग साहेबानंच खुलासा केला. जुन्या सोल्जरांनी हा शब्द आपल्याच मुलखातून उचलून विलायतेला नेला; तिकडं गप्पाटप्पांत बोलतात, डिक्शनरीत कुठून असणार? हे इंग्रजी मात्र मला बराबर समजलं.

भिवा परत आला. साहेबानं एक मेंढरू निवडलं आणि हातवारे करत मला इंग्रजीत काहीतरी सांगितलं. मी गुपचूप सखूबाईकडं पाहिलं.

"पाय धरा म्हणून राहिला, मास्तर."

मी धरले. मेंढराचे.