सुलभाताईंचं उसनं नाक

माधवरावांचा फोन आला तेव्हा मी न्हावा शेवाच्या रस्त्यावर कंटेनरांच्या रांगेत अडकलो होतो. "सुलभा गेली रे," ते म्हणाले. मी काही बोलण्याआधीच पुढचं वाक्य आलं, "आणि येताना उदबत्ती आणू नकोस. तिला त्या बाजारी वासाचा राग यायचा." भर उन्हात, ट्रकच्या धुरात मी रडता रडता हसलो. कारण गेली काही वर्षं ताईंना कसलाच वास येत नव्हता... राग मात्र शाबूत होता.

नेरुळच्या आमच्या सोसायटीत ताई आणि त्यांचे यजमान माधवराव वरच्या मजल्यावर. ताई कॉलेजात प्राचीन इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या, पण राजे आणि लढाया यांत त्यांचा जीव नव्हता. त्यांना एकच प्रश्न: त्या काळी वास कसा यायचा? इजिप्तच्या पुजाऱ्यांनी धुपाची कृती देवळाच्या भिंतीवर कोरून ठेवली, बाबिलोनकडच्या एका अत्तरवालीचं नाव मातीच्या पाटीवर टिकलं, उत्खननातल्या मडक्याच्या तळाशी चिकटलेल्या डागावरून आत कुठलं तेल होतं ते आज कळतं... हे सगळं त्या अशा सांगायच्या, जणू शेजारच्या विंगमधल्या भानगडी. मी कस्टमचा क्लिअरिंग एजंट आणि सोसायटीचा हौशी निवेदक, म्हणून त्यांनी मला 'नटवर्य' करून टाकलं होतं. "नटवर्य, तुझ्या दोन हजार वर्षं आधी आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून रोमकडे सुगंधी मुळ्या जायच्या. आणि त्यांचा माल अडकत नव्हता!"

आमची गट्टी जमली ती गणपतीत, क्लबहाउसमध्ये. व्याख्यान ताईंचं, निवेदन माझं, विषय नखला. समुद्री शंखातला प्राणी आत शिरला की तोंडाशी नखासारखं झाकण लावून घेतो, ते झाकण म्हणजे नखला. जुन्या संस्कृत कृतींत तो धुपात पडतो. ताईंनी तो दिवाळे गावातल्या एका कोळणीकडून मागून आणला होता. ती म्हणे, "येरी हायस का गो तू? लोका म्हावरा नेतान न् तू निस्ती झाकना मांगतंस?" आता जुना दंडक असा, की नखला शेणाच्या पाण्यात उकळायचा, धुवायचा, भाजायचा, वर गुळाच्या पाण्याचा हबका मारायचा. ताईंनी घाईत हे सगळं टाळलं आणि कच्चाच निखाऱ्यावर टाकला. बघता बघता हॉलभर केस जळल्याचा वास! आरतीला जमलेली मंडळी तबकासकट पळाली. सेक्रेटरी ओरडत होते, "मॅडम, फायर ब्रिगेड बोलवू का?" आणि ताई हरखून मला म्हणाल्या, "बघ! म्हणजे जुनी माणसं शेण उगाच नव्हती वापरत." मग रिकाम्या खुर्च्यांकडे पाहून, "तू कसा नाही पळालास?"

"ताई, माइक वायरचा आहे."

मग महामारीत त्यांना ताप आला आणि उतरताना नाक घेऊन गेला. तेव्हा त्यांचं एका जुन्या धुपावर काम चाललं होतं. चंदन, अगरू, जटामांसी, नीट शुद्ध केलेला नखला आणि बांधायला मध. साहित्य कळत होतं, प्रमाण जमत नव्हतं. एका दुपारी वर गेलो तर ताई कापराची वडी नाकाशी धरून बसल्या होत्या. "काहीच नाही रे..." एवढंच म्हणाल्या. जरा वेळानं वडी डबीत टाकून ताठ बसल्या. "हा धूप पुरा झाल्याशिवाय मी मरणार नाही. आजपासून माझं नाक तू. छान, मस्त, सुरेख असले शब्द चालणार नाहीत. आणि मला बरं वाटावं म्हणून एक अक्षर बोलायचं नाही."

झालं, मला भूमिका मिळाली! दर रविवारी मी डोळे मिटून, हात पसरून वर्णन करायचो. "दिवाळीनंतर फराळाचा रिकामा डबा उघडल्यासारखं."

"म्हणजे अगरू कमी. पुढे?"

"लग्नाच्या हॉलमधली, रात्रभर बंद राहिलेली नवरीची खोली..."

"नाटक काढ. आधी काय आलं, मग काय आलं?"

माझ्यावर विश्वास मात्र नव्हता. एकदा वाटी पुढे केली आणि गंभीरपणे म्हणाल्या, "ही इजिप्तची." मी हुंगलं. "ताई, हे माधवरावांचं गुडघ्याचं मलम आहे." आतून माधवराव ओरडले, "तरीच सकाळपासून शोधतोय!" ताई टाळी वाजवून म्हणाल्या, "पास!"

या वर्षी तब्येत ढासळली. दवाखान्यात जायच्या आधी त्यांनी शेवटचं मिश्रण मळलं आणि लहान मडक्यात मुरायला ठेवलं. महिनाभर तोंड बांधलेलं. हॉस्पिटलात माझा हात धरून म्हणाल्या, "मी असो नसो, वेळेवर उघड. आणि खरं काय ते मला सांग."

परवा उघडलं. माधवराव आणि मी, त्यांच्याच स्वयंपाकघरात. निखाऱ्यावर चिमूट टाकली. आधी ओल्या लाकडासारखं गार काही आलं, मग डोंगरातल्या मातीसारखं खोल, आणि त्याखालून समुद्र... मासळीचा नव्हे, ओहोटीनंतर उघड्या पडलेल्या खडकांचा. माझे डोळे भरले. माधवराव माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांना एकच शब्द हवा होता, जमलं. तो म्हटला असता तर पकडणारं आता कुणी नव्हतं. पण शेवटी, अगदी शेवटी, काहीतरी घशाशी चिकटलं, पातेल्यात करपलेल्या पाकासारखं.

"ताई," मी मोठ्यानं म्हणालो, "मध जास्त झालाय."

मग माधवराव उठले. आजवर या कारभारात त्यांनी कधी हात घातला नव्हता. ओट्याखालून ताईंचा खल काढून पंच्यानं पुसत त्यांनी विचारलं, "किती कमी घालू?"